आजोबांच्या डब्यातली इंग्रजांच्या काळातली नाणी – खरी-खोटी कशी ओळखायची आणि किंमत कशी काढायची?

गिरगावकर
मंडळी, मदत हवीये. आमची गिरगावातली चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, खोली रिकामी करताना माळ्यावर आजोबांचा पत्र्याचा डबा सापडला. आत इंग्रजांच्या काळातली नाणी आहेत. बहुतेक आजोबांची, पण मोठ्या काकांना फोर्टच्या फुटपाथवरून नाणी घ्यायचा नाद होता त्यामुळे त्यांचीही मिसळली असणार, कुठलं कोणाचं आता सांगता येत नाही, दोघंही गेले.
डब्यात आहेत: राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचे) चांदीचे रुपये (काहींवर १८६२, काहींवर १८८० च्या पुढची सालं), पंचम जॉर्जचा १९११ चा एक रुपया, सहाव्या जॉर्जचा १९३९ चा एक, आज्जीच्या माळेतले असावेत असे कडी लावलेले दोन रुपये, भोकाचे पैसे मूठभर, आणि एक मोठं तांब्याचं नाणं ज्यावर एका बाजूला हनुमान आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी १८१८ असं आहे. या हनुमानाचा फोटो फेसबुकवर टाकला तर एकाने दोन लाख देतो म्हणून मेसेज केलाय, आधी चार हजार 'रजिस्ट्रेशन' भरायला सांगतोय. काय करू?

पै_न_पै
भरू नका!!! पहिलं काम म्हणजे त्याला ब्लॉक करा. विकत घेणारा विकणाऱ्याकडून पैसे मागतो असं कुठल्या बाजारात बघितलंय? हे लोक रिझर्व्ह बँकेच्या नावाची बनावट पत्रंही पाठवतात, कमिशन भरा, जीएसटी भरा. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतः प्रसिद्धीपत्रक काढून सांगितलंय की आम्ही जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात नाही, कोणाला आमच्या वतीने पैसे गोळा करायचा अधिकारही दिलेला नाही.

बोरीबंदर
माझ्याकडे ट्रॅक्टरवाली पाचची नोट आहे, युट्यूबप्रमाणे मी आता करोडपती आहे 😄

नाणेवेडा
@गिरगावकर, हनुमानाचं नाणं खोटं आहे. खोटं म्हणण्यापेक्षा असं नाणं कंपनीने कधी पाडलंच नाही. राम दरबार, लक्ष्मी, ॐ, कमळ, हनुमान, आणि साल १६१६, १७१७, १८१८, १८३९ असलं काहीतरी, हा सगळा माल अलीकडचा, देवळाबाहेर आणि जत्रेत विकायला केलेला. कंपनीची नाणी बघायची असतील तर आधी आपल्या मुंबई इलाख्याचीच बघा: तांब्याच्या पैशावर एका बाजूला कंपनीची खूण आणि दुसऱ्या बाजूला तराजू, तराजूखाली फारसी लिपीत 'अदल'. १७९१ पासूनचे हे पैसे इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला बोल्टनच्या सोहो टाकसाळीत पाडून जहाजाने आणले होते. सगळ्या कंपनी मुलखात एकसारखा रुपया आला तो १८३५ मध्ये, चौथ्या विल्यमच्या तोंडवळ्याचा. देवदेवता या पैशांवर किंवा त्या रुपयावर नाहीत.
बाकीच्यांबद्दल सविस्तर लिहितो, पण आधी फोटो टाका. दोन्ही बाजू आणि काठ. काठ विसरू नका, लोक नेमका तोच विसरतात. आणि कृपा करून काहीही धुऊ नका.

गिरगावकर
ब्लॉक केलं. धुऊ नका म्हणजे? बायको कालच म्हणत होती चिंच लावून चकचकीत करू, दिवाळीत पूजेला ठेवता येतील.

रानजाई
आमच्याकडे दर धनत्रयोदशीला घासतातच की. काळे रुपये देवासमोर कसे ठेवायचे?

नाणेवेडा
@रानजाई ताई, पूजेचे वेगळे ठेवा आणि खुशाल घासा, त्याला कोणाचीच हरकत नाही. पण संग्रहाच्या नाण्याला चिंच, लिंबू, रांगोळी, भांड्यांची पावडर काहीही लावू नका. चांदीवर काळसर-निळसर थर चढतो तो शंभर-दीडशे वर्षांत चढलेला असतो, एका दुपारीत उतरतो आणि परत तसा चढत नाही. घासल्यावर पृष्ठभागावर केसासारखे ओरखडे उठतात, भिंगाखाली सगळे एका दिशेने पळताना दिसतात. जाणकार ते बघून पहिल्या मिनिटाला किंमत खाली आणतो. फार तर साध्या पाण्यातून काढून मऊ सुती कापडावर टिपून ठेवा, पुसू नका, टिपा. धरताना काठाला धरा.

सराफकट्टा
आमचं तीन पिढ्यांचं सराफी काम, म्हणून वजनाबद्दल मी सांगतो. रुपयाचं वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. म्हणजेच एक तोळा. योगायोग नाही, तोळा आणि रुपया सरकारने एकच धरला होता आणि सरकारी शेर ८० तोळ्यांचा (मुंबईचा जुना शेर वेगळा होता, तो विषय आत्ता नको). आमच्या आजोबांच्या पेढीवर तागडीत वजन म्हणून रुपयेच टाकायचे. अधेली (अर्धा रुपया) ५.८३, पावली (पाव रुपया) २.९२, चवली (दोन आणे) १.४६ ग्रॅम. चांदी ९१.७ टक्के, म्हणजे अख्ख्या रुपयात शुद्ध चांदी साधारण १०.६९ ग्रॅम. त्या दिवसाच्या चांदीच्या भावाने गुणा, ही तुमच्या नाण्याची तळाची किंमत. याच्या खाली कोणी मागितलं तर उठून निघा.
झिजलेला रुपया ११.४, ११.५ भरतो, तो खोटाच असतो असं नाही. पण १० वर आला किंवा १२ च्या वर गेला तर शंका घ्या.
दुसरं, वाजवून बघा. बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच टिचकी. चांदीचा रुपया लांब घंटेसारखा वाजतो, शिसं किंवा जस्त असेल तर बद्द आवाज येतो. जुने दुकानदार गल्ल्याच्या दगडावर आपटून घ्यायचे. तुम्ही आपटू नका.

अपरांत
एवढं कशाला, लोहचुंबक लावा. चिकटलं तर खोटं, विषय संपला.

सराफकट्टा
@अपरांत नाही हो. १९४७ चा वाघाच्या छापाचा रुपया शुद्ध निकेलचा आहे, तो चुंबकाला कडकडून चिकटतो आणि शंभर टक्के खरा असतो. उलट पितळ, शिसं, जर्मन सिल्व्हर (नुसतं चांदीसारखं दिसतं, चांदी नसते) यातलं काहीच चिकटत नाही, मग ते खरं झालं का? चुंबकाने फक्त लोखंडावर मुलामा दिलेला माल पकडता येतो.

अपरांत
बरं बरं, माघार 🙏 वाघाचं माहीत नव्हतं.

चाळकरी_पोर
भोकाचा पैसा! आमची पणजी ते पैसे करगोट्यात ओवायची म्हणे. त्याला भोक का पाडलं होतं पण?

नाणेवेडा
@चाळकरी_पोर युद्धाच्या काळात तांब्याची टंचाई होती, धातू वाचवायला १९४३ पासून पैसा लहान केला आणि मधे भोक ठेवलं. १९४७ पर्यंत चालले. फार मोठ्या संख्येने पाडलेले आहेत त्यामुळे पाव किलो असले तरी त्यातून गाडी येणार नाही, पण पोरांना सुरुवात करून द्यायला याच्यासारखं नाणं नाही.
आता @गिरगावकर, फोटो बघितले. एकेक घेतो.
१८६२ चे राणीछाप. सगळ्यांवर १८६२ आहे म्हणून ते सगळे त्याच वर्षीचे असं नाही. १८६२ पासून १८७४ पर्यंत रुपयावरचं साल बदललंच नाही, तेच ठेवलं. मुंबईच्या टाकसाळीने मात्र मागच्या बाजूला बारीक ठिपके टाकले, त्या ठिपक्यांच्या संख्येवरून आणि जागेवरून संग्राहक वर्ष लावतात. तुमच्या तिसऱ्या फोटोत मला ठिपके दिसतायत, तो मुंबईचा. म्हणजे तुमच्या घरापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी पाडलेला, रिझर्व्ह बँकेसमोरच्या त्या खांबांच्या इमारतीत. काही ठिपक्यांचे प्रकार सहज मिळतात, काही शोधून सापडत नाहीत, म्हणून दहा पटीच्या भिंगाने नीट मोजा आणि इथे लिहा.
१८७७ पासून राणीच्या नावापुढे क्वीनऐवजी एम्प्रेस आलं, तुमचे १८८० नंतरचे त्यातले. मागच्या बाजूला खालच्या नक्षीत बारीक बी दिसला तर मुंबई, सी दिसला तर कलकत्ता.
कडी लावलेल्या दोघांना संग्राहकाच्या बाजारात किंमत जवळजवळ चांदीचीच. डाख दिलेली जागा कितीही तासली तरी काठाच्या दात्यांवर दिसते. पण आज्जीच्या माळेतले असतील तर ते विकायचा विचारही करू नका असं माझं स्पष्ट मत.

रानजाई
हे शेवटचं वाक्य आवडलं.

टाकसाळगल्ली
१९११ च्या रुपयाबद्दल कोणीच कसं बोललं नाही! अहो तो डुकराचा रुपया! जॉर्जच्या अंगरख्यावर जी हत्तीची आकृती आहे तिची सोंड आखूड आणि अंग जाड झालं, लोकांना ते डुक्कर वाटलं, धार्मिक भावना दुखावल्या, सरकारने नाणं मागे घेऊन वितळवलं. चौऱ्याण्णव लाखांच्या आसपास पाडले होते, त्यातले सात लाखांच्या आसपासच बाहेर आले होते. १९१२ पासून हत्ती सुधारला, सोंड आणि कान स्पष्ट केले. १९११ आणि १९१२ शेजारी ठेवून भिंगाने छातीवरची साखळी बघा, पोरांना दाखवण्यासारखी गंमत आहे.

बोरीबंदर
म्हणजे सात लाख लोकांनी तो जपून ठेवला आणि सगळे आज फेसबुकवर विकतायत.

टाकसाळगल्ली
@बोरीबंदर हसू नका, यात तथ्य आहे. गोष्ट प्रसिद्ध म्हणून नाणं दुर्मिळ असं होत नाही. १९११ चा साध्या रुपयापेक्षा नक्की चढा जातो पण लाखांची भाषा करणारे गोष्ट विकतायत. किंमत तीन गोष्टींवर: किती शिल्लक आहेत, किती लोकांना हवंय, आणि नाण्याची अवस्था काय. जुनं असणं एकट्याने काहीच करत नाही. १८४० चा झिजलेला रुपया चांदीच्या भावाच्या थोडा वर जातो आणि त्यानंतर शंभर वर्षांनी पाडलेला एखादा त्याच्या कैक पटीने जातो.

पै_न_पै
अवस्था म्हणजे नेमकं काय बघायचं?

टाकसाळगल्ली
राणीछाप रुपयात आधी झिजतात ती सगळ्यात उंच ठिकाणं. राणीच्या कानावरचे केस, मुकुटातली नक्षी, पदराच्या झालरीची किनार. केसाचा केस वेगळा दिसत असेल आणि मोकळ्या भागावर पाडतानाची झळाळी असेल, नाणं तिरकं फिरवलं की प्रकाश चक्रासारखा फिरतो, तर ते नाणं फारसं हातातून गेलेलंच नाही. तिथे भाव उड्या मारतो. गाल सपाट झाला, केसांचा गठ्ठा झाला की तळाला.
सराफांनी तपासायला मारलेल्या बारीक खुणाही बघा. इतिहास म्हणून मला त्या आवडतात, बाजाराला आवडत नाहीत.

डोंबिवली_फास्ट
एवढं सगळं करण्यापेक्षा चांदी वर गेलीये, सरळ सोनाराकडे घालून मोकळं व्हा. घरात ठेवून चोरांची भीती, लॉकरचं भाडं. भावनेपोटी लोक कचरा साठवतात.

सराफकट्टा
@डोंबिवली_फास्ट मी सोनार असून सांगतो, असं करू नका. आमच्याकडे आलेला रुपया आम्ही मुशीत टाकतो, आम्हाला त्यावर ठिपके किती आहेत याच्याशी देणंघेणं नाही. एक दुर्मिळ तुकडा त्यात गेला की कायमचा गेला. आधी निवडा, मग जे राहील ते हवं तर मोडा.

डोंबिवली_फास्ट
निवडायला वेळ कोणाकडे आहे. पण मुद्दा कळला.

नाणेवेडा
राहिला १९३९. @गिरगावकर इथे मात्र श्वास धरून बसा. सहाव्या जॉर्जचा १९३८ चा सर्रास मिळतो, १९३९ चा पूर्ण चांदीचा अतिशय दुर्मिळ आहे, आणि म्हणूनच ब्रिटिश इंडियात सगळ्यात जास्त खोटा हाच केला जातो. १९४० पासून चांदी निम्मी झाली, ५० टक्के. त्यामुळे पहिली चाचणी चांदीची. घरी करता येते, सोनाराचा शंभरांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा हवा.
काट्यावर अर्धा ग्लास पाणी ठेवा, आकडा शून्यावर आणा. रुपया दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका, हातात दोरा धरून लोंबकळत ठेवा. बुडबुडे चिकटले तर हलवून झटका. आता जो आकडा येईल तो बाजूला सारलेल्या पाण्याचा. नाण्याचं कोरडं वजन त्या आकड्याने भागा. ९१.७ टक्के चांदीला १०.३ च्या आसपास येतं. ११.६६ ग्रॅमच्या रुपयाला काटा १.१३ दाखवेल. निम्म्या चांदीला साडेनऊच्या आसपास, म्हणजे काटा १.२२ कडे. पितळ किंवा जर्मन सिल्व्हर असेल तर १.३५ च्याही पुढे.

गिरगावकर
शेजारच्या सोनारकाकांकडून काटा आणला. कोरडं वजन ११.६२, पाण्यात १.१२. म्हणजे १०.३७. खरा आहे!!! 🥳 घरात सगळे नाचतायत.

चाळकरी_पोर
पार्टी!!

नाणेवेडा
थांबा, जरा थांबा. चांदी खरी आहे एवढंच सिद्ध झालं. नाणं टाकसाळीतलंच असेल, पण साल खरं आहे का? १९३८ चाही वजनाने आणि चांदीने अगदी हाच येतो. ८ चं ९ करायला खालच्या गोलाची डावी बाजू थोडी कोरून काढली की झालं. म्हणून फक्त शेवटच्या आकड्याचा फोटो हवा, मोबाइलला भिंग लावून, प्रकाश एका बाजूने तिरका पडू दे.

गिरगावकर
हा घ्या. तिन्ही बाजूंनी प्रकाश टाकून काढलेत.

नाणेवेडा
वाईट बातमी आहे. ९ च्या खालच्या शेपटीच्या डावीकडे जमीन खरवडलेली दिसते, आजूबाजूचा भाग गुळगुळीत आणि तेवढाच तुकडा खडबडीत, कोरणीची आडवी रेघ स्पष्ट. शिवाय वरच्या गोलाच्या मानाने शेपटी फार बारीक आहे, पहिल्या ९ शेजारी ठेवून बघा, दोन ९ एका हाताचे वाटत नाहीत. १९३८ चा रुपया आहे, साल बदललेलं.

टाकसाळगल्ली
सहमत. फोटो मोठा करून बघितला, खरवडलेल्या जागी काळा थरही नाही, बाकी सगळीकडे आहे. काकांना कोणीतरी फुटपाथवर गळ्यात मारलेला दिसतोय.

गिरगावकर
हम्म. काका त्याचं फार कौतुक करायचे, वेगळ्या कागदात गुंडाळून ठेवला होता. असो. ठेवतो मी, पण वर चिठ्ठी लिहून ठेवतो म्हणजे माझ्या मुलीला पुढे कोणी फसवणार नाही, आणि तिच्याकडूनही कोणी फसणार नाही.

पै_न_पै
हे फार चांगलं करताय. बहुतेक लोक असा तुकडा कोणाच्या तरी गळ्यात मारून मोकळे होतात.

कुर्ला_ते_केंट
मी लंडनजवळ असतो. तुमचे ते मुंबई ठिपक्यांचे १८६२ वाले इकडे मला पाठवता का? चांगला भाव देईन.

नाणेवेडा
@कुर्ला_ते_केंट भाऊ, शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात बसतं, खाजगी माणसाने देशाबाहेर पाठवणं बेकायदा आहे. घरात ठेवणं, देशात विकणं चालतं, कुरिअर नाही. इकडे आलात की बघायला या, चहा पाजतो.

कुर्ला_ते_केंट
माहीत नव्हतं, क्षमस्व. चहाला येतो.

मीरारोड_मावशी
उशिरा आले, धागा सगळा वाचून काढला. ठेवायचं कसं तेही सांगा ना कोणीतरी, पावसाळ्यात आमच्याकडे कपाटातली चांदीची वाटीसुद्धा काळी पडते.

टाकसाळगल्ली
@मीरारोड_मावशी मऊ प्लास्टिकचे वास येणारे अल्बम टाळा, त्या पीव्हीसीतून काही वर्षांनी हिरवट चिकट थर नाण्यावर उतरतो, मुंबईच्या दमट हवेत तर लवकरच. कडक पारदर्शक मायलरची पाकिटं किंवा पुठ्ठ्याच्या खिडकीवाल्या चौकटी घ्या, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात बदलत राहा. रबरबँड, वर्तमानपत्र, लाकडी पेटी नको. तांब्याची आणि चांदीची वेगळी ठेवा.

मीरारोड_मावशी
धन्यवाद. अजून एक, सासूबाईंची एक सोन्याची गिनी आहे, पंचम जॉर्ज, १९१८, घोड्यावरचा माणूस. सोनार म्हणतो मोडून बांगडीत घाला. घालू का?

सराफकट्टा
थांबा मावशी! घोड्याच्या पायाखाली जी जमिनीची रेघ आहे तिथे मधोमध इंग्रजी आय आहे का बघा. असेल तर ती लंडनची नाही, मुंबईत पाडलेली. पहिल्या महायुद्धात रॉयल मिंटची शाखा मुंबईत उघडली होती, तिथे फक्त १९१८ सालच्या गिन्या पाडल्या. वजन ७.९८ ग्रॅम, व्यास २२ मिलिमीटर आणि किंचित वर, सोनं २२ कॅरेट. गिन्यांची नक्कलही भरपूर होते, आणि पुष्कळदा सोनं खरंच चोख असतं, त्यामुळे नुसती कस लावून समाधान मानू नका, अक्षरांच्या कडा धारदार आहेत का बघा. साबणासारख्या गोलसर असतील, किंवा जमिनीवर बारीक पुटकुळ्या असतील, तर ओतीव काम. बांगडीला दुसरं सोनं घ्या.

मीरारोड_मावशी
आय आहे!! चष्मा लावून बघितलं, अगदी बारीक आहे. फोटो उद्या उजेडात काढून टाकते, सोनाराला नाही म्हणून कळवलंय.

गिरगावकर
@नाणेवेडा, १८६२ वाले रात्री भिंगाखाली बघितले. एकावर मागे खाली ठिपके आहेत आणि वरच्या बाजूलाही एक दिसतोय, पण तो ठिपका आहे की मळ ते कळत नाही, घासायला हात शिवशिवतोय पण घासला नाही. फोटो टाकलाय.

नाणेवेडा
घासला नाहीत हे बरं केलंत. ठिपका गोल आणि उठावदार आहे, सावली पडतेय, मळाला सावली पडत नाही. तो मोजणीत धरा. आता तसाच खालच्या बाजूचा फोटो अजून जवळून काढा, तिथे दोन आहेत की तीन यावर सगळं अवलंबून आहे.